'मॅन गेट्स लाइफ' म्हणजे जीवदान नव्हे

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

इंग्रजी वर्तमानपत्रांचे मथळे आणि रोजच्या बोलण्यातली इंग्रजी या विषयावर प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात लिहिलं होतं. कोल्हापूर शहर आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणादाखल दिलेले मथळे समजावण्यासाठी आम्हीच रचलेले आहेत. एक मथळा खराखुरा छापून आलेला आहे, तिथे तसं म्हटलं आहे.

प्रश्न : शब्दकोश शेजारी घेऊन बसते. एकेका शब्दाचा अर्थ मिळतो, पण मथळ्याचा अर्थ लागत नाही. बातमी वाचली की सगळं कळतं. मग मथळ्यातच असं काय असतं?
— एक वाचिका, राजारामपुरी

मथळ्याचं व्याकरण वेगळं असतं आणि ते शाळेत कुणी शिकवत नाही. जागा मोजकी, म्हणून 'अ', 'ॲन', 'द' ही उपपदं आणि 'इज', 'आर', 'वॉज', 'वेअर' ही सहायक क्रियापदं गाळली जातात. घडून गेलेली गोष्ट साध्या वर्तमानकाळात येते आणि होणारी गोष्ट 'टू' लावून. 'मेयर ओपन्स गार्डन' म्हणजे महापौरांनी बागेचं उद्घाटन केलं. 'मेयर टू ओपन गार्डन' म्हणजे ते अजून व्हायचं आहे.

इथवर बहुतेकांना जमतं. अडतं ते भूतकाळी दिसणाऱ्या क्रियापदापाशी. 'स्टुडंट अटॅक्ड निअर बस स्टँड' हे वाचून विद्यार्थ्याने कुणावर तरी हल्ला केला, असा समज होतो. पण विद्यार्थ्यानेच हल्ला केला असता तर मथळ्यात 'अटॅक्स' आलं असतं, कारण कर्त्याने केलेली गोष्ट मथळा वर्तमानकाळात सांगतो. म्हणून 'अटॅक्ड', 'स्टॅब्ड', 'ड्यूप्ड', 'हेल्ड' ही रूपं जवळजवळ नेहमी कर्मणी समजायची, मधला 'वॉज' गळालेला आहे असं धरायचं. 'मॅन स्टॅब्ज नेबर' यातला माणूस आरोपी आहे आणि 'मॅन स्टॅब्ड' यातला जखमी. हा एक नियम पक्का झाला तरी गुन्ह्यांच्या निम्म्या बातम्या सरळ होतात.

विरामचिन्हंही कामाला लावलेली असतात. स्वल्पविराम 'आणि'चं काम करतो: 'सीएम, डेप्युटी टू मीट' म्हणजे मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री भेटणार. अपूर्णविरामापुढे नाव आलं तर ते त्या माणसाचं म्हणणं: 'नो वॉटर कट: कमिशनर'. एकेरी अवतरणात शब्द असेल तर तो दावा दुसऱ्याचा, वर्तमानपत्राचा नाही. 'सर्टिफिकेट फेक' आणि फक्त फेक या शब्दाला अवतरण असलेला तोच मथळा यांत मोठा फरक आहे. पहिल्यात दाखला बनावट असल्याचं पेपर स्वतः सांगतो, दुसऱ्यात तसा कुणाचा तरी आरोप आहे.

नामांची माळ आली की वाचक गोंधळतो. 'पंचगंगा पोल्यूशन कंट्रोल प्लॅन डिले' यात क्रियापदच नाही. शेवटचा शब्द धरा: उशीर. मग डावीकडून वाचत या: पंचगंगा प्रदूषण नियंत्रण आराखड्याला उशीर. मराठीत नामांचा क्रम हाच असतो, त्यामुळे मराठी वाचकाला ही माळ उलटी करावी लागत नाही.

आता तो खराखुरा मथळा. 2009 मध्ये जपानमधल्या एका इंग्रजी वृत्तस्थळावर तो आला: 'व्हायोलिनिस्ट लिंक्ड टू जेएएल क्रॅश ब्लॉसम्स'. जपान एअरलाइन्सच्या 1985 च्या विमान अपघातात वडील गमावलेल्या व्हायोलिनवादक तरुणीची कारकीर्द बहरते आहे, असं सांगायचं होतं. 'ब्लॉसम्स' हे इथे क्रियापद आहे. वाचकांनी मात्र 'क्रॅश ब्लॉसम्स' हे एक नाम समजून ही कसली फुलं, असा प्रश्न केला. तेव्हापासून अशा दुहेरी वाचल्या जाणाऱ्या मथळ्यांना इंग्रजी उपसंपादक 'क्रॅश ब्लॉसम' म्हणू लागले. तेव्हा मथळा अडला की शेवटी 'स' असलेला एकेक शब्द क्रियापद मानून पाहा. बहुधा वाक्य जुळतं.

प्रश्न : एमपीएससीसाठी चालू घडामोडींच्या नोट्स काढतो. 'मल्स', 'मूट्स', 'नॉड', 'क्लिअर्स' या सगळ्यांपुढे मी 'मंजूर' लिहीत आलो. ते बरोबर आहे का?
— एक विद्यार्थी, शाहूपुरी

नाही, आणि परीक्षेत याचे गुण जातात. सरकारी निर्णय कोणत्या टप्प्यावर आहे, ते मथळ्याचं क्रियापद नेमकं सांगतं.

'मल्स' म्हणजे विचार चालू आहे. 'आइज' म्हणजे त्यावर डोळा आहे, तसं उद्दिष्ट आहे. 'मूट्स' भारतीय पेपरांत प्रस्ताव पुढे आणला या अर्थाने येतो. 'लाइकली टू', 'सेट टू', 'मे' या तिन्हींत अजून काही घडलेलं नाही. त्यातल्या त्यात 'सेट टू' सर्वांत जवळचं आणि 'मे' सर्वांत लांबचं. इथवरच्या बातम्यांपुढे 'विचाराधीन' लिहा. पुष्कळ वेळा त्या पुढे सरकतच नाहीत, म्हणून त्या पाठ करण्यात वेळ घालवू नका.

'इन-प्रिन्सिपल नॉड' म्हणजे तत्त्वतः मंजुरी. 'कॅबिनेट नॉड', 'कॅबिनेट क्लिअर्स', 'ओकेज' म्हणजे मंत्रिमंडळाने मान्यता दिली. पण विधेयक असेल तर मंत्रिमंडळाच्या मान्यतेने कायदा होत नाही. पुढे 'टेबल्ड' म्हणजे सभागृहात मांडलं, 'पासेस' म्हणजे सभागृहाने संमत केलं, 'असेंट' म्हणजे राष्ट्रपती किंवा राज्यपालांची संमती, 'नोटिफाइज' म्हणजे अधिसूचना निघाली. मंजुरीची तारीख आणि अंमलाची तारीख यांत महिने जाऊ शकतात आणि प्रश्नपत्रिकेत दोन्ही पर्याय शेजारी शेजारी असतात.

'टेबल'च्या बाबतीत सावध राहा. भारतात आणि ब्रिटनमध्ये त्याचा अर्थ चर्चेसाठी मांडणं. अमेरिकेत नेमका उलटा: विषय बाजूला ठेवणं. अमेरिकी काँग्रेसच्या बातमीत 'बिल टेबल्ड' दिसलं तर विधेयक बाजूला सारलं, बहुधा कायमचंच, असं समजा.

'सँक्शन' दुसरा दगा देणारा शब्द. पुढे पैसा किंवा काम असेल तर मंजुरी: 'स्टेट सँक्शन्स फंड्स फॉर रोड'. पुढे देश, कंपनी किंवा व्यक्ती असेल तर निर्बंध: 'यूएस सँक्शन्स ऑइल फर्म'. 'सँक्शन टू प्रॉसिक्यूट' म्हणजे खटला चालवायला दिलेली परवानगी.

उलट्या दिशेचे शब्दही वेगवेगळे नोंदवा. 'डिफर्स' पुढे ढकललं, 'शेल्व्ज' गुंडाळून ठेवलं, 'रोल्स बॅक' दिलेला निर्णय मागे घेतला, 'स्क्रॅप्स' किंवा 'ॲक्सेस' (मूळ शब्द 'ॲक्स', म्हणजे कुऱ्हाड) कायमचं रद्द केलं. 'सॉप्स' म्हणजे सवलतींची खैरात. त्यात पत्रकाराची नापसंती असते, म्हणून उत्तरपत्रिकेत तो शब्द लिहू नका. 'गव्हर्नमेंट मल्स' हेही निबंधात शोभत नाही, तिथे 'इज कन्सिडरिंग' लिहावं.

प्रश्न : सर्किट बेंच सुरू झाल्यापासून कोर्टाच्या इंग्रजी बातम्या रोज वाचाव्या लागतात. 'मूव्ह्ज एचसी', 'पुल्स अप', 'स्टेज' हे काय? कोर्ट कुठे हलतं, थांबतं?
— वकिलांच्या कार्यालयात काम करणारा एक वाचक, कसबा बावडा

मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 पासून सुरू झालं. तेव्हापासून हे शब्द आपल्या भागातल्या बातम्यांत रोजचे झाले आहेत.

'मूव्ह्ज एचसी' म्हणजे हायकोर्टात धाव घेतली. हलतो तो अर्जदार, कोर्ट जागेवरच आहे. 'स्टेज' हे 'स्टे'चं रूप, म्हणजे स्थगिती दिली. निर्णय रद्द झालेला नाही, अंमल तेवढा थांबला आहे. रद्द केला तर 'क्वॉशेस' किंवा 'सेट्स असाइड' येतं. 'अपहोल्ड्स' म्हणजे खालचा निर्णय कायम. 'जंक्स प्ली', 'ट्रॅशेस प्ली' म्हणजे याचिका फेटाळली. 'रिझर्व्ह्ज ऑर्डर' म्हणजे सुनावणी संपली, निकाल राखून ठेवला. 'पुल्स अप' आणि 'रॅप्स' म्हणजे खडसावलं. हे दोन्ही बहुधा सुनावणीतले तोंडी उद्गार असतात, तो आदेश नव्हे. पक्षकार तो मथळा दाखवून 'आपल्या बाजूने निकाल लागला ना?' असं विचारतात, तेव्हा हा फरक त्यांना जरूर सांगा.

पोलीस कारवाईचे शब्द तर एकमेकांच्या जागी वापरूच नयेत. 'बुक्ड' म्हणजे गुन्हा नोंद झाला. अटक झालीच असं नाही. 'डिटेन्ड' म्हणजे ताब्यात घेतलं. 'हेल्ड', 'नॅब्ड', 'अरेस्टेड' म्हणजे अटक. 'ग्रिल्ड' म्हणजे कसून चौकशी. भाजण्याशी त्याचा संबंध नाही. 'चार्जशीटेड' म्हणजे दोषारोपपत्र दाखल. 'कन्व्हिक्टेड' म्हणजे दोषी ठरला, 'अक्विटेड' म्हणजे निर्दोष सुटला. 'गेट्स बेल' हा फक्त जामीन.

आणि 'मॅन गेट्स लाइफ'. याचा अर्थ जन्मठेप. 'लाइफ' पुढचा 'इम्प्रिझनमेंट' हा शब्द गाळलेला असतो. जीवदान असा अर्थ लावला तर बातमी पार उलटी होते.

प्रश्न : क्रीडा पानावर 'हेल्ड' म्हणजे काय? टीमला अटक थोडीच होते!
— एक फुटबॉलप्रेमी, मंगळवार पेठ

खेळात 'हेल्ड' म्हणजे बरोबरीत रोखलं. 'पाटाकडील हेल्ड बाय खंडोबा' (दोन्ही कोल्हापूरचे फुटबॉल संघ) असा मथळा आला तर सामना बरोबरीत सुटला आणि पाटाकडीलकडून जिंकण्याची अपेक्षा होती, एवढं त्यातून कळतं. 'हेल्ड'च्या आधी नाव कुणाचं येतं ते बघा: ज्याच्याकडून जास्त अपेक्षा, तो संघ आधी.

'ब्रेस' म्हणजे एकाच खेळाडूचे दोन गोल. 'क्लीन शीट' म्हणजे संघाने एकही गोल खाल्ला नाही. 'एज पास्ट', 'पिप' म्हणजे थोडक्यात मात, 'राउट' आणि 'थ्रॅश' म्हणजे धुव्वा. 'स्टन' म्हणजे दुबळ्याने बलाढ्याला हरवलं. क्रिकेटमध्ये 'टन' म्हणजे शतक आणि 'मेडन टन' म्हणजे कारकिर्दीतलं पहिलं शतक. निर्धाव षटकाशी त्याची गल्लत नको.

भारतीय पेपरांत खेळाडूंची खास नावं आहेत. 'ग्रॅपलर' पैलवान, 'शटलर' बॅडमिंटनपटू, 'पॅडलर' टेबल टेनिसपटू, 'लिफ्टर' वेटलिफ्टर, 'प्युजिलिस्ट' मुष्टियोद्धा. 'शूटर'च्या वेळी पान कोणतं ते आधी पाहा. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवणारा राधानगरी तालुक्यातला स्वप्नील कुसाळे 'शूटर' आहे आणि गुन्ह्यांच्या पानावर सुपारी घेऊन गोळ्या झाडणाराही 'शूटर'च.

प्रश्न : पावसाळ्यात 'पंचगंगा इन स्पेट' छापून येतं आणि त्याच पानावर 'स्पेट ऑफ थेफ्ट्स'. दोन्हीकडे एकच शब्द कसा?
— एक वाचक, प्रयाग चिखली

नदीला 'इन स्पेट' म्हणजे पूर, दुथडी भरून वाहणं. 'स्पेट ऑफ' पुढे चोऱ्या, अपघात आले की लागोपाठ घडलेल्या घटना. तुमच्या गावाला यातला पहिला अर्थ जास्त कामाचा, म्हणून पुराचे बाकीचे शब्दही घ्या. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट, तिला 'वॉर्निंग लेव्हल' म्हणतात. धोका पातळी 43 फूट, ती 'डेंजर मार्क'. 'निअर्स डेंजर मार्क' म्हणजे जवळ पोचली, 'ब्रीचेस' किंवा 'क्रॉसेस' म्हणजे ओलांडली. 'रिसीड' म्हणजे पाणी ओसरतंय. 'मरून्ड' म्हणजे वेढा पडून अडकलेले. विसर्ग क्युसेकमध्ये देतात: 1 क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28.3 लिटर. 'यलो', 'ऑरेंज', 'रेड' हे हवामान खात्याचे रंग आहेत. त्यांचा अर्थ अनुक्रमे माहिती घेत राहा, तयारीत राहा, कृती करा.

'टोल' हा शब्द दिसला तर रस्त्यावरचा टोल मनात आणू नका. कोल्हापूरकरांना त्या शब्दाने टोलविरोधी आंदोलनच आठवणार, पण 'टोल राइजेस टू 12' म्हणजे मृतांची संख्या 12 झाली.

प्रश्न : जीएनएम हा परिचारिकेचा अभ्यासक्रम झाल्यावर ब्रिटनला जायची तयारी करते आहे. परीक्षेचं इंग्रजी जमतं. तिथले पेशंट मात्र पुस्तकी बोलत नाहीत म्हणे. नेमकं काय शिकू?
— एक परिचारिका, गडहिंग्लज

ऐकलंत ते खरं आहे. नोंदणीसाठी ओईटी किंवा आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा चालते, पण वॉर्डातली ब्रिटिश बोली, त्यातही वयस्कर पेशंटची, दोन्ही परीक्षांच्या पलीकडची आहे. तिथे चुकीचं समजलं तर औषधाची वेळ चुकते, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर देतो.

आधी त्रास सांगणारे शब्द. 'आय फील पुअरली', 'रफ', 'अंडर द वेदर' म्हणजे बरं वाटत नाही. 'पुअरली'चा गरिबीशी संबंध नाही. 'आय केम ओव्हर ऑल फनी' म्हणजे अचानक कसंतरीच झालं, बहुधा घेरी आल्यासारखं. 'पिन्स अँड नीडल्स' म्हणजे मुंग्या येणं. 'द रन्स' जुलाब, 'बंग्ड अप' नाक चोंदणं किंवा बद्धकोष्ठ, 'थ्रो अप' उलटी. 'वॉटरवर्क्स' म्हणजे लघवीचं काहीतरी, 'डाउन बिलो' म्हणजे गुप्तांगाचा भाग. 'स्पेंड अ पेनी' म्हणजे लघवीला जायचं आहे. जुन्या सार्वजनिक शौचालयांत एक पेनी टाकावी लागे, तिथून हे आलं. एखाद्या आजींनी हे म्हटलं आणि परिचारिकेला कळलं नाही, तर त्या संकोचाने पुन्हा सांगणार नाहीत. एकट्याने उठतील आणि पडतील. 'डिकी टिकर' म्हणजे कमजोर हृदय. 'जॅब' म्हणजे इंजेक्शन किंवा लस.

जेवणाच्या वेळांचे शब्द तर नीट घोटून घ्या. इंग्लंडच्या उत्तर भागात पुष्कळ लोक 'टी' म्हणतात ते संध्याकाळच्या जेवणाला, आणि 'डिनर' दुपारच्या जेवणाला. 'आय टेक इट आफ्टर माय टी' हे ऐकून चार वाजताच्या चहानंतर असं लिहिलं तर मात्रा दोन-तीन तास आधी पडते. तिथे घड्याळाची वेळच विचारा: 'व्हॉट टाइम इज दॅट, युज्वली?'

'पॉप' हे क्रियापद दिवसभर ऐकू येईल. 'पॉप युअर शर्ट ऑफ' शर्ट काढा, 'पॉप अप ऑन द बेड' पलंगावर चढा, 'आय विल पॉप बॅक' मी परत येते. हा एक शब्द मात्र तुम्हीही वापरा, त्याने बोलणं मऊ होतं.

कळलं नाही तर हो-नाही उत्तराचा प्रश्न विचारू नका. 'डू यू मीन डिझी?' म्हटलं की दमलेला पेशंट 'येस' म्हणून मोकळा होतो. त्याऐवजी 'कॅन यू टेल मी अ बिट मोअर अबाउट दॅट?' असं विचारा. नोंदीत पेशंटचा शब्द अवतरणात जसाच्या तसा ठेवा आणि पुढे तुम्ही काय तपासलंत ते साध्या वैद्यकीय भाषेत लिहा. 'आय ॲम नॉट टू बॅड' या उत्तरावर विसंबू नका. दुखत असतानाही ती पिढी तेच म्हणते, म्हणून वेदना 0 ते 10 अंकांत विचारा.

प्रश्न : अकरावीतला मुलगा मोबाइलवर मित्रांना 'आय ॲम कुक्ड', 'आय ॲम डेड' असं लिहितो. काळजी करावी का?
— एक पालक, इचलकरंजी

या दोन्हींसाठी नाही. 'आय ॲम कुक्ड' म्हणजे मेलो, आता माझं काही खरं नाही. पेपर अवघड गेला की मुलं हेच लिहितात. 'आय ॲम डेड' म्हणजे हसून हसून मेलो, सोबत बहुधा कवटीचं चित्र असतं. आपल्याकडचा पोरगा 'विषय हार्ड' म्हणतो तेव्हा तो कौतुक करत असतो, आणि शब्दकोश घेऊन बसलेल्या परक्या माणसाला त्यात कठीण विषय दिसेल. इंग्रजी पोरांच्या बोलीचंही तसंच आहे.

म्हणून शब्द सुटा न घेता तो ज्या वाक्यात आला ते वाक्य पाहायचं. 'ही इज कुक्ड' म्हणजे त्याचं वाटोळं झालं, पण 'लेट हिम कुक' म्हणजे त्याला करू द्या, काहीतरी भारी करतोय. 'शी एट' म्हणजे तिने कमाल केली, जेवणाचा विषय नाही. 'नो कॅप' म्हणजे खोटं नाही, शप्पथ. 'सस' म्हणजे संशयास्पद. 'मिड' म्हणजे सुमार. 'रिझ' म्हणजे समोरच्याला भुरळ घालण्याची हातोटी; ऑक्सफर्डने 2023 चा शब्द म्हणून तो निवडला होता. 2024 चा होता 'ब्रेन रॉट', म्हणजे मोबाइलवरचं फुटकळ बघून आलेलं बधिरपण. यातले बरेच शब्द अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजाच्या बोलीतून आले आणि समाजमाध्यमांतून जगभर गेले. पोरांच्या तोंडून ते लवकर उतरतातही, म्हणून पालकांनी पाठ करायची गरज नाही.

दोन लघुरूपं मात्र ओळखीची असू द्या. 'केवायएस' म्हणजे जीव दे, आणि 'केएमएस' म्हणजे मी जीव देतो. पोरं ही थट्टेतही लिहितात. तरी पहिलं मुलाला वारंवार कुणाकडून येत असेल तर तो छळ आहे, आणि दुसरं तो स्वतः लिहीत असेल तर जवळ बसून, फोन न हिसकावता, सरळ विचारा. विचारल्याने मुलाच्या डोक्यात नवं काही शिरत नाही. मनावरचा ताण हलका करायला केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा 14416 वर आहे.

प्रश्न : फाउंड्रीत डिस्पॅच बघतो. अमेरिकेतल्या ग्राहकाने 'कॅन वी पुश बॅक द शिपमेंट?' असं लिहिलं, आम्ही घाईने माल आधी पाठवायची तयारी केली. नंतर कळलं उलटंच होतं.
— एक वाचक, शिरोली

'पुश बॅक' म्हणजे पुढच्या तारखेला ढकलणं. अलीकडे आणायचं असेल तर 'ब्रिंग फॉरवर्ड' किंवा 'मूव्ह अप'. 'मूव्ह फॉरवर्ड' मात्र लोक दोन्ही अर्थांनी घेतात, त्यामुळे ते वापरू नका आणि समोरून आलं तर नवी तारीख विचारून घ्या. आपला 'प्रीपोन' भारतात सगळ्यांना कळतो, तिकडे बऱ्याच जणांना नाही. 'काइंडली रिव्हर्ट' म्हणजे उत्तर द्या, हा अर्थही आपल्याकडचा. त्यांना ते पूर्वस्थितीला न्या असं वाटू शकतं. 'प्लीज रिप्लाय' लिहावं.

'बॉलपार्क फिगर' म्हणजे अंदाजे आकडा. तो मागितला म्हणजे पक्कं कोटेशन मागितलेलं नाही, तेव्हा उत्तरात 'एस्टिमेट' हा शब्द स्पष्ट लिहा. 'हेड्स-अप' म्हणजे आगाऊ सूचना. 'पेन्सिल इन' म्हणजे तारीख तात्पुरती धरली. 'ईओडी' म्हणजे दिवसअखेर, पण कुणाच्या दिवसाची? न्यूयॉर्कचे संध्याकाळचे 5 म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे 2.30 आणि हिवाळ्यात 3.30. आणि 05/06 ही तारीख अमेरिकी माणूस 6 मे वाचतो. पत्रात महिना अक्षरांत लिहिलात की हा घोळ कायमचा मिटतो.

प्रश्न : चप्पल ऑनलाइन विकतो. परदेशी ग्राहक विचारतात, 'इज धिस अ ड्यूप?' याला उत्तर काय द्यायचं?
— एक व्यावसायिक, महाद्वार रोड

'ड्यूप' बोलीत म्हणजे महाग ब्रँडच्या वस्तूसारखी दिसणारी स्वस्त वस्तू. भारतीय बातम्यांत हेच क्रियापद फसवणुकीसाठी येतं: 'फार्मर ड्यूप्ड ऑफ 5 लॅख'. ग्राहकाच्या विचारण्यात सहसा आरोप नसतो. तो पहिल्या अर्थाने विचारत असतो आणि तुम्ही न रागावता खरी गोष्ट सांगायची संधी घ्यावी.

जून 2025 मध्ये प्राडाने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, उगमाचा उल्लेख केला नाही आणि टीका झाली. नंतर कंपनीने ही प्रेरणा भारतीय पारंपरिक पादत्राणांची असल्याचं मान्य केलं. त्या वेळच्या बातम्यांत 'फ्लॅक', 'बॅकलॅश', 'कॉल्ड आउट', 'रो' असे शब्द आले. 'फ्लॅक' आणि 'बॅकलॅश' म्हणजे टीकेची झोड, 'कॉल्ड आउट' म्हणजे चारचौघांत जाब विचारला, 'रो' म्हणजे वाद. त्याच्या उच्चाराबद्दल शेवटच्या उत्तरात लिहिलं आहे. तेव्हा तुमचं उत्तर असं असू द्या: 'नो, धिस इज द ओरिजिनल क्राफ्ट.' कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्यात महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार जिल्हे व कर्नाटकचे चार जिल्हे आहेत. तुमची चप्पल या भागात, या पद्धतीने, कातड्याचीच बनलेली असेल तरच हे लिहा. रेक्झिनच्या चपलेला तसं म्हणणं ही फसवणूक आहे. 'नॉक-ऑफ' म्हणजे नक्कल, 'काउंटरफीट' म्हणजे खोटा शिक्का मारलेली बनावट वस्तू, 'रिप-ऑफ' म्हणजे लुबाडणूक. यातला एखादा शब्द प्रतिक्रियेत आला तर मात्र लगेच लेखी उत्तर द्या.

प्रश्न : रोज किती वाचू? शब्दांची यादी पाठ करू का?
— एक विद्यार्थिनी, कागल

यादी पाठ करू नकोस, दुसऱ्या आठवड्यात विसरशील. रोज चार मथळे पुरेत, पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. बातमी झाकून मथळा वहीत उतरव. गाळलेले शब्द घालून त्याचं पूर्ण इंग्रजी वाक्य कर. मग मराठीत एक ओळ लिही. त्यानंतरच बातमीचं पहिलं वाक्य उघड. इंग्रजी बातमीचं पहिलं वाक्य बहुधा मथळाच पूर्ण व्याकरणात सांगतं, म्हणजे उत्तर तिथेच छापलेलं असतं. अडलंच तर त्याच दिवसाच्या मराठी पेपरात तीच बातमी शोध.

एक शब्द तीन वेगवेगळ्या मथळ्यांत भेटला की मगच तो आला असं समज. शब्दकोश शिकणाऱ्यांसाठी असतो तो घे, ऑक्सफर्ड, केंब्रिज किंवा लाँगमनचा. त्यात 'इन्फॉर्मल', 'स्लँग', 'ऑफेन्सिव्ह', 'ओल्ड-फॅशन्ड' अशा खुणा असतात. 'ऑफेन्सिव्ह' खूण असलेला शब्द ओळखायचा, तोंडात घ्यायचा नाही. वाचकांनीच भरलेले बोलीचे ऑनलाइन कोश चालतात, पण तिथे एकाच शब्दाखाली दहा जणांनी दहा अर्थ टाकलेले असतात. खालच्या उदाहरणात बसेल तोच अर्थ घ्यायचा.

प्रश्न : वाचताना कळतं, पण मोठ्याने वाचायची भीती वाटते. मथळ्यातले कोणते उच्चार हमखास चुकतात?
— एक शिक्षक, मुरगूड

'रो' सर्वांत जास्त. वाद या अर्थी त्याचा उच्चार 'राउ' असा, 'काउ'शी जुळणारा. रांग या अर्थी 'रो', म्हणून फाशीची शिक्षा झालेल्यांचा 'डेथ रो' हा 'रो'च. सत्तापालटाच्या 'कू' मध्ये शेवटचं अक्षर मुकं आहे. 'डेब्री'चा शेवटचा 'स' बोलायचा नाही. आरोप ठेवणं म्हणजे 'इन्डाइट', त्यात 'क' ऐकू येत नाही. लष्करी 'कोर' मध्ये 'प' आणि 'स' दोन्ही मुके. दरोडा तो 'हाइस्ट', वेढा तो 'सीज', वारस तो 'एअर', त्यात 'ह' नाही. 'लेफ्टनंट' आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये, अमेरिकेत तोच 'लूटेनंट'. वर्गात वाचून दाखवण्याआधी शब्दकोशातलं ध्वनिचिन्ह दाबून एकदा ब्रिटिश आणि एकदा अमेरिकी उच्चार ऐका. मुलांसमोर दोन्हींपैकी एकच धरून ठेवा.